बीपी सोडून बोला

मराठी पुरुषाला काही आजार मंजूर आहेत. बीपी, शुगर, ॲसिडिटी, गुडघे आणि मणक्यातली गॅप. पन्नाशी उलटेपर्यंत यांतला एकही झाला नाही, तर सकाळी बागेतल्या कट्ट्यावर त्या माणसाला बोलायला विषयच उरत नाही. आमच्या कट्ट्यावर 'मला बीपी आहे' हे वाक्य इतक्या अभिमानाने म्हटलं जातं, की ज्याला बीपी नाही तो हयात नाही असं वाटावं. (तसं पाहिलं तर ते खरंही आहे.) स्टेंट टाकून आलेल्या माणसाला तर बाकावर मधली जागा मिळते. बिल किती झालं, मेडिक्लेमवाल्यांनी किती कापले, ब्लॉकेज किती टक्के होतं, हे तो आकड्यांसकट सांगतो आणि बाकीचे माना डोलावत ऐकतात. हृदयाच्या नळ्यांविषयी कितीही बोला, कोणाची हरकत नाही. ते भरून आलं म्हणालात, की मंडळी घड्याळं बघून उठायला लागतात.

मनाचं दुखणं या मंजूर यादीत नाही, त्यामुळे ते वेषांतर करून येतं. रात्र रात्र झोप लागत नाही, तर 'जेवण जरा जड झालं.' छातीत धडधडतं, तर 'गॅसेस.' सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही, तर 'हवाच अशी आहे.' कशातच राम वाटत नाही, तर 'वय झालं आता', आणि हे बेचाळिसाव्या वर्षी. कट्ट्यावरच्या एका गृहस्थांचा मुलगा कॅनडाला गेला आणि तेव्हापासून त्यांचं पोट साफ होईना. वर्षभर सगळा कट्टा त्यांच्या पोटाच्या मागे लागला होता. त्रिफळा झाली, इसबगोल झालं, सकाळी कोमट पाणी आणि रात्री एरंडेल झालं. मुलाचा विषय कोणी काढला नाही. त्यांनीही काढला नाही. घरी त्यांच्या बायकोला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं की हे पोट नव्हे, पण तिला कट्ट्यावर प्रवेश नाही.

इथे आपल्या पुरुषांची एक खोड आडवी येते. कोणी दुःख सांगायला लागला, की आपण ते ऐकत नाही, दुरुस्तीला घेतो. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपला पाना बाहेर. 'बी-ट्वेल्व्ह बघून घे.' 'डी-थ्री पण बघ, हल्ली सगळ्यांचंच कमी असतं.' 'सूर्यनमस्कार घाल.' 'ट्रेकला ये आमच्याबरोबर.' 'गावाला जा चार दिवस.' यातलं काही अगदीच चूक असतं असंही नाही. मरगळ, उदासी यांच्या मागे कधी कधी खरंच बी-ट्वेल्व्हची कमतरता सापडते आणि डॉक्टरही ती तपासणी लिहून देतात. चूक असते ती वेळेची. आणि सगळ्यात शेवटी येतं ते रामबाण: 'तुला काय कमी आहे रे?' वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असलं तरी हा प्रश्न नव्हे, निकाल आहे. यावर अपील नाही. त्यानंतर माणूस पुन्हा ॲसिडिटीवर येतो.

शिवाय टोमण्याचं भय असतंच. मुंबईकर म्हणतो 'याला ठाण्याला भरती करा', पुणेकर म्हणतो 'येरवड्याला पाठवा'. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे चार मोठी सरकारी मनोरुग्णालयं आहेत, त्यामुळे प्रत्येक विभागाची टोमण्याची सोय जवळच झालेली आहे, कोणाला लांब जावं लागत नाही. गंमत अशी, की याच गावांत काही माणसांनी वेगळं काम मांडलं. येरवड्याच्या त्या आवारातच १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, आणि ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णींनी मानसिक आरोग्याची संस्था काढली. टोमणा मात्र अजून जुन्याच पत्त्यावर जातो.

पुरुषाने रडण्याच्या बाबतीतही आपला हिशेब मोठा चमत्कारिक आहे. तुकोबांचा धंदा बुडाला, दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला. हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं. भीती, लाज, संशय, स्वतःवरचा राग, काहीही झाकलं नाही. आपण ते टाळ वाजवत मोठ्याने म्हणतो, आणि घरी आल्यावर 'काही नाही, जरा डोकं दुखतंय' म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपतो. वारीत धिप्पाड शेतकरी एकमेकांच्या पाया पडतात, उराउरी भेटतात, उपरण्याने डोळे पुसतात. तिथे कोणी कोणाला बी-ट्वेल्व्ह तपासायला सांगत नाही. पण वारी वर्षातून एकदा आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला.

साने गुरुजींचं तर आपण फारच वाईट केलं असं मला वाटतं. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं, ते पुढे घराघरांत पोचलं. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. अंधारात, तिकीट काढून, सगळ्या महाराष्ट्राने डोळे पुसून घेतले. उजेडात आल्यावर मात्र 'साने गुरुजी' ही हळव्या मुलाला चिडवायची गोष्ट झाली. वर्गात कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं, की मागच्या बाकावरून 'श्याऽऽम' अशी हाक यायची. ज्या माणसाने पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषण केलं आणि ते उघडायला लावलं, त्याला मऊ म्हणायचं म्हणजे कमाल आहे. हाच माणूस ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नाशीत, स्वतःहून हे जग सोडून गेला. एका माणसाच्या मरणाची कारणं बाहेरच्यांनी मांडत बसू नये. पण त्यांच्या आसवांची टर उडवताना हे वर्ष आपल्याला आठवत नाही, एवढं तरी म्हणायला हवं.

पुढे रडायची एकदम सरकारमान्य संधी आली ती १६ नोव्हेंबर २०१३ ला, वानखेडेवर. सचिन तेंडुलकर खेळपट्टीला हात लावून पाया पडला, टोपी खाली ओढून आत निघाला, आणि महाराष्ट्रातल्या यच्चयावत बाप्यांनी टीव्हीसमोर मनसोक्त रडून घेतलं. आमच्या सोसायटीत आयुष्यभर मेंटेनन्सशिवाय कशावर न बोललेले सेक्रेटरी त्या दिवशी जिन्यात नाक शिंकरताना आढळले होते. सहा वर्षांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, सचिनने पुरुषांसाठी एक जाहीर पत्र लिहिलं आणि डोळ्यांत पाणी येण्यात लाज कसली, असं त्यात सांगितलं. कवीचाच मुलगा, त्याला ते लिहिणं जमलं.

मला मात्र त्याने मे २०२१ मध्ये सांगितलेली गोष्ट जास्त जवळची वाटते. दहा-बारा वर्षं मॅचच्या आधी आपल्याला घोर लागायचा, रात्र रात्र झोप यायची नाही, असं तो म्हणाला. पुढे पुढे त्याने मान्य केलं की हे असंच होणार. मग तो उठायचा, चहा करायचा, कपड्यांना इस्त्री करायचा. बॅग आदल्या दिवशीच भरायची, हे मोठ्या भावाने शिकवलेलं. म्हणजे आपण इकडे 'उद्या सचिन आहे, काळजी नाही' म्हणून घोरत होतो, तेव्हा तो तिकडे शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत होता. हे त्याने तेव्हाच सांगितलं असतं तर? सांगितलं नसतं तेच बरं. आपण त्याला डी-थ्री तपासायला लावलं असतं.

पुरुषांना माया करता येत नाही, हे मात्र मला मान्य नाही. ती बघायची तर सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये बघावी. बसलेला माणूस घाटकोपर आलं की काही न बोलता उठतो आणि उभ्याला बसायला देतो. कोणी आभार मानत नाही, मानले तर लोक चमकतील. वर्षानुवर्षं हे चालू आहे. एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभ्या असलेल्या या माणसांना एकमेकांची आडनावं माहीत असतात, स्टेशनं माहीत असतात, डब्यात कोणाच्या भाजीला खोबरं जास्त तेही माहीत असतं. आतलं काही माहीत नसतं.

आमच्या ग्रुपमध्ये एक शब्दकोड्याचा माणूस होता. विंडोला बसायचं, पेपरची छोटी घडी घालायची आणि पेन्सिलीच्या भानगडीत न पडता थेट पेनाने सोडवायला घ्यायचं. अडलं की डब्याला विचारायचा, 'तीन अक्षरी, खर्चाला नाखूश.' उत्तर 'कृपण' असायचं, पण त्याआधी चारी बाजूंनी आपापल्या साहेबांची नावं यायची. मग एका पावसाळ्यात कोडी कोरी राहायला लागली. पेपर मांडीवर घडी घातलेला, पेनाचं टोपणही काढलेलं नाही, नजर खिडकीबाहेर आणि बाहेर काय चाललंय याचा पत्ता नाही. आम्ही आपसात म्हटलं, 'शुगर वाढली असेल.'

हे बरोबर ओळखलं ते आमच्यातल्या सगळ्यात आडदांड माणसाने. तो एका पतपेढीत वसुलीला आहे. विरामचिन्हांच्या जागी शिव्या वापरतो. त्या संध्याकाळी स्टेशनबाहेर तो कोडेवाल्याला म्हणाला, 'बस मागे, सोडतो.' घर चालत दहा मिनिटांवर. स्कूटर घरावरून पुढे गेली. 'अरे, माझं घर मागे राहिलं.' 'पेट्रोल भरायचंय.' पंप आला आणि गेला. 'अरे, पंप.' 'इथलं पेट्रोल बरोबर नसतं.' मग शीळ रस्त्याला दुसरा पंप आला आणि तोही गेला. त्यानंतर मागून आवाज यायला लागला.

ऑफिसात नवी सिस्टिम आली होती. याच्या टेबलावरचं काम गेलं आणि टेबलाशी हा तेवढा उरला. कोणी काढलं नव्हतं, पण दिवसभर कोणी काही विचारतही नव्हतं. रात्री पंख्याकडे बघत पडायचं. घरात कळू नये म्हणून पहाटे बाथरूममध्ये नळ सोडायचा, बादली भरून वाहायला लागली तरी नळ चालू ठेवायचा, आणि रडून घ्यायचं. हे सगळं त्याने स्कूटरच्या मागच्या सीटवरून, वसुलीवाल्याच्या पाठीला सांगितलं. दोघांनी नंतर डब्यात आम्हाला सांगितलं आणि लिहायची परवानगीही दिली, म्हणून लिहितो.

'तू काय बोललास मग?' आम्ही वसुलीवाल्याला विचारलं. 'मी काय बोलणार डोंबल? हेल्मेट, वारा, त्यात मागे ट्रक. निम्मं ऐकूच आलं नाही. पण म्हटलं, गाडी थांबवली तर हा गप्प होईल. म्हणून हाणत राहिलो आणि हं हं करत राहिलो.' उपदेश करायला आधी मुद्दा ऐकू यावा लागतो. तो आला नाही, म्हणून उपदेश टळला. समोरासमोर, टेबलाच्या पलीकडे बसवून 'बोल, काय होतंय' असं विचारलं असतं तर कोडेवाला गॅसेसच्या पलीकडे गेला नसता, याबद्दल मला खात्री आहे. नजरेला नजर नसली की आपल्याला बोलता येतं. ऑस्ट्रेलियात 'मेन्स शेड' नावाची चळवळ याच पायावर उभी आहे. रिटायर झालेले लोक एका शेडमध्ये जमून सुतारकाम करतात, हात चालू असतात, नजर लाकडावर असते, आणि रंधा मारता मारता बायको गेल्याचं दुःख निघतं. आपल्याकडे शेड नाही, पण स्कूटर घरोघरी आहे.

पुढच्या शनिवारी वसुलीवाल्याने मानसोपचार डॉक्टरांकडे नंबर लावला, तो स्वतःच्या नावाने. कोडेवाल्याला म्हणाला, 'माझी झोप उडालीय, दाखवायचंय, एकट्याला कसंतरी वाटतं, चल सोबत.' बाहेरच्या खोलीत बसलेले सगळेच तिथे दुसऱ्या कोणासाठी तरी आल्यासारखे दिसत होते. एक गृहस्थ तर पेपर उलटा धरून वाचत होते. नाव पुकारलं गेलं तसे दोघेही उठले, दोघेही आत गेले. डॉक्टरांनी दोघांकडे बघून विचारलं, 'पेशंट कोण?' वसुलीवाला म्हणाला, 'आज हा. माझं नंतर बघू.'

गोळ्यांनी दुसऱ्या दिवशी काही सूर्य उगवला नाही. या औषधांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि तोवर तोंडाला कोरड, दिवसा झोप असं काहीबाही चालतं. कोडेवाला कुर्ल्यापर्यंत विंडोला डोकं टेकून झोपायचा. या काळात डब्यातल्या सल्लागारांना फार कळ यायची. वसुलीवाल्याने जाहीर केलं, 'जो बी-ट्वेल्व्हचं नाव काढेल त्याला महिनाभर चौथी सीट.' चौथी सीट म्हणजे काय ते लोकलवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांनी एवढंच समजावं की तिच्यावर निम्मा माणूस बसतो. मंडळी गप्प राहिली. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी खिडकीतून आवाज आला, 'पाच अक्षरी, नको तिथे बोलणारा.' आम्ही सगळ्यांनी वसुलीवाल्याचं नाव घेतलं. अक्षरं जास्त होत होती, पण त्याने लिहून टाकलं.

'माझं नंतर बघू' हे वसुलीवाल्याने थट्टेत म्हटलेलं नव्हतं. काही महिन्यांनी तो खरंच स्वतःसाठी गेला. दिवसभर लोकांच्या दारात उभं राहून त्यांची अडचण ऐकायची आणि तरी पैसे मागायचे, हे काम अंगाला काही न लागता होत नाही. हे लिहू का म्हणून विचारलं, तर एक स्वल्पविराम, दोन पूर्णविराम घालून 'लिही' म्हणाला.

एवढं हसून झाल्यावर एक आकडा सांगतो, त्यात विनोद नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) नोंदींप्रमाणे २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यांतले १ लाख २२ हजारांहून जास्त पुरुष होते. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा, २२ हजार ७४६. यातल्या कितीजणांनी आदल्या आठवड्यात कोणाला तरी 'ॲसिडिटी झालीय' असं सांगितलं असेल, याची नोंद कुठे ठेवत नाहीत.

आणि ऐकायला डॉक्टरच लागतो असंही नाही. गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेने साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशनाचं शिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. नैराश्य आलेली माणसं आणि दारू हाताबाहेर गेलेले पुरुष त्यांच्याशी बोलले, आणि थोड्याच बैठकांत त्यांतल्या बऱ्याच जणांना फरक पडला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते निष्कर्ष छापले. दुखणं जास्त असेल तिथे डॉक्टर आणि गोळ्या लागतातच, कोडेवाल्याला लागल्याच. पण डॉक्टरच्या दारापर्यंत नेणारा माणूस बहुतेक वेळा स्कूटरवाला असतो.

तेव्हा कट्ट्यावरच्या, डब्यातल्या, ऑफिसातल्या मंडळींना विनंती एवढीच. समोरचा गॅसेसबद्दल बोलायला लागला तर त्याला बोलू द्या, आणि ओव्याचं नाव काढायच्या आधी एकदा विचारा, 'आणि बाकी?' मग थोडा वेळ काही सुचवू नका. अवघड जातं, पण जमतं. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. स्वतःच्या फोनमध्ये ठेवा आणि मित्राच्या फोनमध्येही तुम्हीच सेव्ह करून द्या. हेल्पलाइन असं नाव दिसायला नको असेल तर दुसरं द्या. आमच्या ग्रुपमध्ये तो सगळ्यांकडे 'पेट्रोल पंप' या नावाने सेव्ह आहे.